टेलचं पाणी

सायकली यासीनभाईंकडे टाकल्या, नाना पेठेत.
त्यांनी कुंदाचं मागचं चाक हवेत धरून फिरवलं,
कान लावला, आरा एकेक करून छेडल्या.
"आउट आहे. संध्याकाळी सहाला या."
म्हणजे अख्खा दिवस रिकामा
आणि पहाटे पाचला निघायचंय.

काय बघायचं पुण्यातलं? मी यादी सुरू केली.
पेठा, देवळं, संग्रहालय, बाकरवडीची रांग.
कुंदा खरतोडे, निमगाव केतकीची,
मिरजेच्या नर्सिंग होस्टेलात तीन वर्षं माझी खोलीसोबती,
पुण्यात आजवर फक्त स्वारगेटला उतरून
पुढची एसटी पकडलेली.
म्हणाली, मला कालवा दाखव.

कालवा?
तीस वर्षं मी त्याच्यावरून जातेय, नाकाला पदर लावून.
त्याला काठ असतात हे विसरूनच गेले होते.

पर्वतीच्या पायथ्याशी आम्ही त्याला गाठलं.
भिंतीवर गोधड्या वाळत होत्या, लाल, निळ्या, एक नव्वारीच्या काठांची.
'पोहण्यास सक्त मनाई' या पाटीवर
पोरांनी शर्ट अडकवले होते
आणि खाली पाण्यात तीन डोकी.
एका बाईनं बादली खाली ठेवून विचारलं,
मोजणीवाल्या का तुम्ही? घरं पाडणार आहात?
नाही हो, म्हटलं, नुसतं बघतोय.
"यात काय बघायचं?"
तिचं बरोबर होतं. मी कुंदाकडे बघितलं.

कुंदा कठड्यावर बसली होती, पाय खाली सोडून, साठाव्या वर्षी.
तिचे वडील पाटकरी होते, टेलला.
जिथं कालवा संपतो, किंवा संपायच्या आधीच आटतो.
आवर्तन सुटलं की ते रात्रभर
सायकलवर कंदील बांधून काठानं वर जायचे,
कोणी दार फोडलंय का बघत.
"अण्णा सांगायचे, उतार डोळ्याला दिसत नाही, मांडीला कळतो.
पुण्याकडं जाताना सायकल जड,
घराकडं येताना आपोआप हलकी."
मी हसले. घराकडं येताना सगळ्यांचीच हलकी होते.
"नाही," ती म्हणाली, "त्यांनी गड्याला बसवूनही बघितलं होतं.
त्याचं घर उलट्या अंगाला होतं."

आणि पाण्याच्या तोंडाशी काय काय यायचं!
झेंडूच्या माळा, नारळ, फुटका चेंडू,
औषधाच्या बाटल्या, एकदा एक इंग्रजी शाळेचा टाय,
आणि चपला. नेहमी एकच. जोडी कधीच नाही.
ती पोरांसोबत पळायची पाण्याच्या पुढं पुढं, कोरड्या पाटातून.
"मला वाटायचं, पुण्यात
सगळे एका पायात चप्पल घालून फिरतात."

स्वारगेटपाशी आम्ही उसाचा रस घेतला.
तिनं ग्लास उन्हात धरला,
म्हणाली, यातलंही आमचंच असेल थोडं.
तेव्हा मी गप्प बसले.
माझ्या फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी येतं.
दोन नळ गळतात. एक दिवाळीपासून.

गोळीबार मैदान, मग झाडी, मग रेसकोर्सची मागची बाजू.
एक खंड्या तारेवर.
माझी टाच सोलली, ती मात्र चालत राहिली
पाण्याच्या वेगानं, मागं न बघता,
जसं वॉर्डात रात्री दोनला चालायची.

सहाला यासीनभाईंनी चाक पुन्हा फिरवलं.
या वेळी काहीच ऐकू आलं नाही.
पैसे देताना त्यांनी विचारलं, कुठवर जाणार?
इंदापूर, मी म्हटलं. कालव्याच्या कडेनं.
हायवेनं लवकर पोचाल की.
कुंदा सीटची उंची बघत होती, वाकून.
"पोचायचं नाहीये," ती म्हणाली,
"उतार बघायचाय. अण्णा खरं बोलायचे का."

रात्री घरी आल्यावर मी दोन्ही नळांखाली बादल्या लावल्या.
ती झोपली. मी जागीच.
टप्. मग बराच वेळ काही नाही.
टप्.